ससाणे सरांची पाच मिनिटं

मंगळवार, ९ डिसेंबर

आज सरांच्या घड्याळातली पाच मिनिटं काढून घेतली. नको करायला पायजे होतं. पण केलं. तोंडानं कुणाला सांगायची सोय न्हाई म्हणून वहीत लिवतोय.

ससाणे सर म्हणजे आमच्या शाळेचे खेळाचे सर. मी शाळा सोडली (शाळेनं मला सोडलं म्हणा), पण सरांनी मला सोडलं न्हाई. बारावीला दोनदा आपटलो तवा म्हणले, पिंट्या, पळतो तर चांगला, रेफरी हो. तवापासून सर मधी शिट्टी घेऊन आन् मी कडंनं झेंडा घेऊन. लाइन्समन.

आज केजच्या मैदानावर सतराखालच्या पोरांची सेमीफायनल. केज आन् धारूर. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ. सरांचं घड्याळ उलटं मोजतंय. पस्तीस लावायचे, बटण दाबायचं, शून्यावर आलं की मनगटाला थरथरतं. काल चौदाखालच्या मॅच होत्या, त्यांना तीस लावलते. आज सकाळी सरांनी माझ्यासमोर तिसाचे पस्तीस केले, मलाबी दाखवले. मग घड्याळ बॅगवर ठिवून नळावर तोंड धुवायला गेले. मी दोन बटणं दाबली. परत तीस.

खरंच सांगतो, मॅच खराब करायची न्हवती. सर शिट्टीआधी एकदा घड्याळ बघतेतच. बघतेल, माझ्याकडं डोळे वटारतेल, मी आभाळाकडं बघीन. एवढीच गंमत.

पण पाहुणे उशिरा आले. पाहुणे म्हणजे माझे सख्खे काका, गावचे पुढारी. साडेनऊची मॅच, हे आले पावणेअकराला. नारळ, हार, भाषण, पोरांशी हात मिळवणं. बॉलला लाथ मारताना चप्पल उडाली, ती आणायला दोन माणसं पळाली. कमिटीवाले सरांच्या मागं, उरका सर, दुपारून दुसरी मॅच हाय. सरांनी बटण दाबलं आन् शिट्टी मारली. घड्याळाकडं बघितलंच न्हाई.

माझं लक्ष सगळं सरांच्या मनगटावर. माझ्या हातातलं घड्याळबी सरांचंच जुनं, मला दिलेलं. त्यात तीस मिनिटं झाली तवा धारूरचा नऊ नंबर, एक लुकडं पोरगं, दोघांना चकवून निघालतं. समोर एकटा गोलकीपर. शिट्टी वाजली. पोरानं त्याच दमात बॉल जाळीत घातला. सरांनी हात हलवला. गोल न्हाई, हाफ संपला.

लाइन्समनला घड्याळ असतंय ते ह्याच्यासाठीच. पोरं मैदानात हायेत तवर त्यांना माघारी घेऊन राहिलेली मिनिटं खेळवता येतेत. एकदा दुसरा हाफ सुरू झाला की मसला संपला. पैल्या हाफची चूक दुसऱ्या हाफात मिनिटं वाढवून भरता येत न्हाई. हे सरांनीच मला शिकवलंय.

सरांना काय तरी खटकलं. सरळ माझ्याकडं आले, आवाज न करता म्हणले, "पिंट्या, तुझ्यात किती?"

माझ्यात तीस मिनिटं, चाळीस सेकंद.

"पस्तीस, सर."

खरं सांगितलं असतं तर सरांचा पुढचा सवाल, मग माझ्या घड्याळात तीस कुणी लावले? दोन सेकंदात डोकं तेवढंच चाललं. सर बरं म्हणले आन् पाणी प्यायला गेले. पोरं सावलीला बसलती, मैदान सोडलं न्हवतं. अजून वेळ होता. मी झेंड्याच्या काठीनं मुंगळा मारत बसलो.

धारूर एक-शून्य हारलं. नऊ नंबर गोलपोस्टला टेकून रडत होता. मला म्हणला, दादा, गोल होता ना? मी म्हणलं, शिट्टी आधी झाली. आता खांब सोड, मला जाळी काढायचीय.

बुधवार, १०

उशिरा उठलो. हसू येत न्हाई अजून. मस्करी केली की दुसऱ्या दिवशी जास्त हसू येतंय एरवी. एसटी स्टँडवर "लातूर लागली" म्हणून वरडलो तवा अख्खी रांग पळाली आन् एक बाई पिशव्या घेऊन नालीत पडली, ते आठवून चार दिवस हसलो.

सरांवर राग होता का? होता थोडा. चौदाखालची फायनल तुला देतो म्हणले आन् दिली न्हाई. म्हणले, "तू अजून खेळतोस पिंट्या. रेफरीनं खेळायचं नसतंय."

आता बघा म्हणावं कोण खेळलं.

(हे लिवायला भारी वाटलं. वाचायला न्हाई.)

शुक्रवार, १२

वांदे झाले.

नऊ नंबरचा बाप धारूर-केज जीप चालवतो. त्यानं पोराची मॅच पैल्या शिट्टीपासून मोबाइलवर घेतली. अख्खा हाफ. हात हलतोय, मधी मधी बकरी येतीय, पण पैली शिट्टी हाय आन् शेवटची पण हाय. मधी तीस मिनिटं आन् वर काही सेकंद. सकाळी व्हिडिओ धारूरहून सुटला, दुपारपर्यंत केजच्या सगळ्या ग्रुपवर.

सरांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. म्हणले, व्हिडिओ बघितला, चूक झालीय. पण मी हाफला तुझ्याकडं आलतो, तू पस्तीस म्हणलास, ते कसं?

मला वाटलं सांगून टाकावं. खरंच वाटलं. तोंड उघडलं तर बाहेर आलं, "तुमी कवा विचारलं सर? तुमी तर सरळ पाण्याकडं गेलते."

सर म्हणले, "मी आलो न्हाई तुझ्याकडं?"

"न्हाई सर."

"झेंड्यापाशी?"

"न्हाई ओ सर."

पलीकडं कुकरची शिट्टी वाजत होती. मग सरांनी फोन ठिवला.

संध्याकाळी हाटेलात काका आन् त्यांची माणसं. व्हिडिओचीच गोष्ट. एक म्हणला धारूरचं काही चुकलं न्हाई, रेफरी सेट होता. काका म्हणले, सेट होयला अक्कल लागती, ह्या लोकांला सायेब केलं की असंच, घड्याळ तरी बघता येतंय का. ह्या लोकांला म्हणजे कोणाला ते सगळ्यांना कळलं. सर बुद्धविहाराच्या गल्लीतले. मलाबी कळलं. सगळे हसले, मीबी हसलो.

मग कुणीतरी म्हणलं, पिंट्या, तू तर तिथंच होतास बे, सांग की. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, काय सांगू, आमचे अर्धा तास सर.

हाटेल फुटलं. चहावाला पण हसला. काकांनी माझ्या पाठीत थाप मारली. कधी मारत न्हाईत.

घरी येऊन सरांचा फोटो कापून स्टिकर केलं. शिट्टी तोंडात, खाली लिवलं, "अर्धा तास सर". ग्रुपवर टाकलं. मला वाटलं लोक हसण्यात राहतेल, कोण काय विचारणार न्हाई. बराबरच वाटलं. कोणीच विचारलं न्हाई.

शनिवार, १३

कमिटीची मीटिंग, शाळेत. धारूरचे कोच टेबल बडवून बोलले. म्हणले दुसऱ्या हाफात पाच मिनिटं द्यायची होती. सरांनी उभं राहून सांगितलं, तसं देता येत न्हाई, नियम न्हाई. चूक रेफरीची, म्हणजे माझी. वेळ रेफरीची असती. पोरांचं नुकसान झालंय ते मी लिहून दिलंय, पुन्हा खेळवायचं का ते तुमी ठरवा.

एवढं ठीक होतं. मग अध्यक्षांनी विचारलं, लाइन्समनला विचारलं न्हाई का?

मी मागच्या बाकावर.

सर म्हणले, "विचारलं असं मला वाटतंय. पण तो म्हणतो न्हाई विचारलं. मग न्हाई विचारलं असंल. मला आता नक्की सांगता येत न्हाई."

सर असं बोलल्यालं कोणीच कवा ऐकलेलं न्हाई. दोघं तिघं एकमेकाला डोळ्यानं खुणवायला लागले.

निकाल तोच ठिवला. धारूर बाहेर. सरांना फायनलवरून काढलं. जानेवारीत विभागाच्या मॅचसाठी सरांचं नाव जाणार होतं, तेबी थांबवलं. नोकरीची तीन वर्षं राहिलीत, तिथं एकदा शिट्टी मारायची एवढं सर मला कैकदा म्हणलते.

फायनलला शिट्टी कोणाला? काका म्हणले आमचा पिंट्या हाय की. झालं.

सर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठिवला. म्हणले, घाबरू नको, जमंल तुला. शिट्टीआधी घड्याळ बघायचं, माझ्यासारखं करू नको.

सोमवार, १५

मोंढ्याजवळ सर मोटारसायकलवर चाललते. पाचवी सहावीची पोरं मागं पळत, "अर्धा तास! सर, टाइम झाला!" त्यातल्या कितीकांना मॅच झालेलीबी माहिती नसंल. सरांनी गाडी थांबवली, मला वाटलं आता कानफाडतेल एकाला. सरांनी घड्याळात बघितलं. मग त्यांनाच विचारलं, किती वाजले रे? पोरं खिदळत पळाली. सर तिथंच गाडीवर बसून राहिले.

मी टपरीच्या मागं होतो. पुढं गेलो न्हाई.

घड्याळ दुरुस्तीवाल्याला सरांनी घड्याळ दाखवलं म्हणं. तो मला ओळखतो, त्यानंच सांगितलं. मशीन एकदम टकाटक. म्हणला, मास्तरांना म्हणलं, घड्याळात बिघाड न्हाई, लावणाऱ्याची चूक. मास्तर म्हणले, तेच कळायचं होतं.

बुधवार, १७

सरांच्या घरी गेलो. बोलावलं होतं, फायनलची तयारी करून घ्यायला. अर्धा तास (आता हे दोन शब्द पण धड लिवता येईनात) नियम समजावले. उभं कुठं राहायचं, गोलकीपरनं टाइम काढला तर काय. नेहमीसारखेच सर. मला वाटलं, चला, विसरले.

मग सर आत गेले आन् काकू (सरांच्या मिसेस) चहा घेऊन आल्या. हळू आवाजात सांगायला लागल्या. चार दिवस झाले, कुलूप लावून परत तीनदा बघायला येतेत. गॅस बंद केला की वहीत वेळ लिवतेत. परवा शाळेतून घरी फोन, मी डबा खाल्ला का? डबा रिकामा हाय, पण खाल्ल्याचं ध्यानात हाय का न्हाई ते कळत न्हाई म्हणले. रात्री झोपत न्हाईत. "तू पोरासारखा हायेस त्यांना. तुला काय दिसलं का रे? आधीपासून विसरत होते का मैदानावर?"

मी म्हणलं, न्हाई काकू. चहा लई गोड होता.

सर बाहेर आले. काकूंना जायला सांगितलं. समोर बसले. म्हणले, माझ्या बापाला असंच सुरू झालतं. आधी पैशाचं, मग वेळेचं, शेवटी मला म्हणायचा, पाव्हणं, कुठून आलात. मला त्याची भीती न्हाई रे. मला एक गोष्ट नक्की करायचीय. त्या दिवशी सकाळी मी तिसाचे पस्तीस केलते. मला बटणं आठवतेत. बोटाला आठवतेत. आन् तुला दाखवलं होतं, बॅगेपाशी.

"दाखवलं होतं ना, पिंट्या?"

हो म्हणलं असतं, एक शब्द, तर सर बरे झाले असते. तिथंच, त्या खुर्चीत. काकू आतून ऐकत होत्या ते मला कळत होतं, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता.

पण हो म्हणलं की मग पुढचं. बॅग. नळ. मी.

"मला न्हाई आठवत सर. बहुतेक न्हवतं दाखवलं."

सरांनी मान हलवली. दोनदा. हाताची बोटं उघडून बघितली, बंद केली. मग म्हणले, फायनलला शूज पॉलिश करून ये.

गुरुवार, १८

काय केलं न्हाई. पॉलिश केलं.

शुक्रवार, १९

मेसेज टाईप केला. "सर ते तीस मी लावले होते." सहा शब्द. मोजले. पाठवायच्या आधी ग्रुपवर कुणीतरी माझंच स्टिकर टाकलं, त्यावर चाळीस जण हसले. मेसेज खोडला.

गण्याला (हा फायनलला माझा लाइन्समन) म्हणलं, समज एखाद्यानं मस्करी केली आन् समोरच्याला वाटलं आपलं डोकं गेलं, तर? गण्या म्हणला, लई भारी मस्करी मग. कुणी केली बे?

म्हणलं, कुणी न्हाई.

रविवार, २१

फायनल. केज आन् अंबाजोगाई. लोक लई आलते. काका परत पाहुणे, ह्या बारी बूट घालून. मला हार घातला त्यांनी, रेफरीला कोण हार घालतंय, पण घातला. फोटो. सगळ्यांच्या समोर, "आमचं पोरगं".

सर आलते. दोरीच्या पलीकडं, काकूंसोबत, स्वेटर घालून. मागची पोरं "अर्धा तास" करत होती. सर ऐकायला येत न्हाई असं बसलते.

हार काढला, टॉस केला, शिट्टी मारली. खेळ सुरू. मी पळतोय, भारी पळतोय. मग एकदा बॉल बाहेर गेला तवा घड्याळ बघितलं.

सरांसारखं उलटं मोजायला लावलतं. पस्तीस. नुसते पस्तीस. बटण दाबलंच न्हवतं.

गण्याकडं पळालो, विचारलं तुझ्यात किती. गण्या म्हणला, मी तर चालू केलंच न्हाई, मला वाटलं तू बघतोस. दुसऱ्या लाइनवरच्याच्या हातात घड्याळच न्हवतं. आता काय? अंदाजानं सांगावं तर समोर चार मोबाइल व्हिडिओ काढतेत.

मी दोरीकडं बघितलं. का ते माहिती न्हाई, मान आपोआप वळली. सर माझ्याकडंच बघत होते. मनगट वर धरलेलं. त्यांनी माझ्या शिट्टीला त्यांचं घड्याळ चालू केलतं, सवयीनं. त्यांना सगळं कळलं होतं. दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मग एक.

अकरा.

मी चोवीस लावले आन् बटण दाबलं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मॅच बराबर झाली. दोन-एक, केज. एक पण भांडण न्हाई. नंतर दोन व्हिडिओवाल्यांनी मोजलं, पैला हाफ पस्तीस, सेकंदाचा फरक. काका माइकवर म्हणले, टाइम कसा असतो ते पोरानं दाखवून दिलं काही जणांना.

लोक हसले. काही जण म्हणजे कोण ते त्यांना माहिती होतं.

सर गर्दीतून माझ्याकडं आले. काकू मागं. सरांच्या तोंडावर मी तेरा दिवसात पैल्यांदा हसू बघितलं. लहान पोरासारखं. माझा हात धरला आन् म्हणले, "अकरा बराबर होते ना रे? मी मोजले बघ. बराबर होते."

काका शेजारी. अध्यक्ष शेजारी. गण्या, सगळी पोरं. काका म्हणले, कसले अकरा?

मी बघितलं काकांकडं. मग सरांकडं.

"कसले अकरा, सर?"

"मी बोटं दावली. तू बघितलंस. तुझं घड्याळ बंद होतं."

"माझं घड्याळ चालूच होतं सर. तुमी कवा बोटं दावली?"

गण्यानं खाली बघितलं. त्याला माहिती होतं. तोबी बोलला न्हाई.

काका लई मायेनं म्हणले, मास्तर, घरी जावा, आराम करा. काकूंनी सरांचा दंड धरला. सर माझ्याकडं बघत होते, रागानं न्हाई. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी हरवलंय आन् ते माझ्याकडं हाय का, असं बघत होते. मग काकूंना म्हणले, "उद्याच जाऊ बीडला. डॉक्टरकडं. तू म्हणत होतीस ते खरंय."

सकाळी साडेसातची गाडी हाय त्यांची.

मी स्टँडवर जाऊ शकतो. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. सरांना खिडकीतून सांगायचं, तीस मी लावले, तुमी मला विचारलं होतं, तुमी मला दाखवलं होतं, अकरा बराबर होते. चार गोष्टी. गाडी सुटायच्या आत होतंय.

न्हाईतर न्हाई.

ही वही कुणाच्या हाताला लागली तर पाया पडतो, कुणाला सांगू नका. काकांना न्हाई, गण्याला न्हाई, धारूरच्या त्या नऊ नंबरला तर न्हाईच न्हाई. आईची शपथ घालतो. तुमच्या हातात वही आली म्हणजे तुमी सरांच्या वळखीचे असाल. समोर आले तर नुसतं नमस्कार सर म्हणा. टाइम विचारू नका त्यांना. आन् माझं नाव काढू नका. सांगायचं असंल तर मला सांगू द्या. मी सांगीन. उद्या न्हाईतर परवा, मीच सांगीन, तवर कुणाला